रूपाबाईची परात आणि चांदणीचा र

कोणाच्या घरात काय शिजतंय हे आमच्या वाडीत वासावरून कळतं. कोणाच्या घरात काय बिघडलंय हे कळायला मात्र परात उलटी करून पाहावी लागते. मी थट्टा करत नाही. म्हणजे करतो, पण हे खरं आहे.

चैत्रात आमच्या मारुतीचा भंडारा असतो. सगळ्या वाडीची पंगत. मागं एकदा शहाण्या पोरांनी शेजारच्या गोरेगावच्या मंडपवाल्याकडून भांडी भाड्यानं आणली, तर निम्म्या बाया जेवायलाच आल्या नाहीत. "आमची परात चालत न्हाई, तर आमचं तोंड कसं चालतं?" असा त्यांचा सवाल. तेव्हापासून ठरून गेलं की घरटी एक तरी भांडं भंडाऱ्याला लागलंच पाहिजे. दीडशे घरं, चारशे भांडी. जेवणं उरकली की घासून पारावर ढीग लावायचा. आणि तो ढीग फुटून ज्याचं भांडं त्याच्या घरी जायचं ते खुणेनं.

ही खूण म्हणजे आमच्या जळबाची करामत. जळबा आता पंच्याहत्तरीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण चाळीस वर्षं छिन्नी-हातोडी घेऊन त्यानं वाडीतल्या एकेका भांड्याच्या बुडाला खूण ठोकली. त्याची रीत ठरलेली. बाहेरचा आकार भावकीचा. गोल पाटलांच्या भावकीचा, त्रिकोण ग्यानबाच्या, चांदणी किसनसिंगाच्या, आणि चौकोन उरलेल्या सगळ्यांचा, ज्यांत आम्ही येतो. आकाराच्या आत ठिपके. थोरल्या भावाला एक, मधल्याला दोन, धाकट्याला तीन. आणि शेजारी एक अक्षर, घरच्या बाईच्या नावाचं. कारण भांडं बाईचं असतं. पुरुषाचं काय असतं हे मला अजून कळलेलं नाही.

आता यात गंमत अशी की माणसं बदलतात आणि पितळ लक्षात ठेवतं. भाऊ वेगळे झाले की ठिपके पडतात. वेगळे झालेले पुन्हा एकत्र आले की जळबाला बोलावून ठिपक्यावर काट मारून घेतात, आणि वर्षभरात पुन्हा फाटलं की काटेच्या बाजूला नवा ठिपका. पाटलांच्या घरी असं एक पातेलं आहे की त्याचं बूड पाहून गोवर आल्यासारखं वाटतं. एका घरच्या तांब्यावर एका बाईचं अक्षर खोडून दुसऱ्या बाईचं घातलेलं आहे. त्या घराचं नाव मी सांगणार नाही. पाण्याच्या टाकीला लागून आहे, इतकंच.

हे सगळं एका नजरेत वाचणारी बाई वाडीत एकच. रूपाबाई. त्रिकोणवाल्यांतल्या मधल्या भावाची, ग्यानबाची बायको, आमच्या अंगणवाडीची सेविका. भंडारा उरकला की ती पारावर मांडी घालून बसायची, भांडं उचलायची, उलटं करायची आणि आवाज द्यायची, "त्रिकोण, तीन, स! चला, कोण हाय?" चारशे भांडी दोन तासांत घरी. एकदाही चूक नाही. एका वर्षी तर एक घंगाळ हातात घेऊन म्हणाली, "हे आपल्या गावचंच न्हाई. ही छिन्नी डावऱ्या हाताची हाय." ते खरोखरच नरसीच्या पाहुण्यांचं निघालं.

अशा बाईला काय कमी, असं तुम्हाला वाटेल. तिला एकच गोष्ट कमी होती आणि ती तिला एकवीस वर्षं टोचत होती. शेरा.

अंगणवाडीत एक भेट-वही असते. वरची मॅडम, म्हणजे मुख्यसेविका, महिन्यातून एकदा येते, खुर्चीवर टेकते, चहा घेते आणि त्या वहीत शेरा लिहून जाते. एकवीस वर्षांत सात मॅडम झाल्या आणि साती जणींनी शेरे लिहिले. 'वजनकाटा पुसून ठेवावा.' 'तक्ते सरळ लावावेत.' एकीनं तर लिहिलं, 'सेविकेने आवाज कमी ठेवावा.' हे वाचून रूपाबाईचा आवाज इतका चढला की आम्ही पारावर बसून सगळं ऐकलं.

"एक डाव," ती ग्यानबाला म्हणायची, "एक डाव शेरा म्या लिव्हणार. मंग डोळे मिटले तरी चालंल."

ग्यानबा गरीब माणूस. तो म्हणायचा, "आपल्या घरच्या भिंतीवर लिव्ह की. कोण नको म्हणतंय?"

मग जाहिरात निघाली. सेविकांमधूनच मुख्यसेविका भरायच्या, परीक्षा घेऊन. जिल्ह्यात जागा चार. वयाची अट पंचेचाळीस. आमच्या वाडीत अर्धी माणसं एक जूनला जन्मली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख लावली. रूपाबाईही त्यातलीच, आणि येत्या एक जूनला तिला पंचेचाळीस पुरी व्हायची होती. अर्ज बसत होता, पण पुढची जाहिरात निघेल तेव्हा तिचं वय निघून गेलेलं असणार. म्हणजे आता किंवा कधीच नाही.

आहार, लसीकरण, बालसंगोपन हे तर तिच्या तोंडावर होतं. मराठी बरं होतं. पण शंभरातले पंचवीस प्रश्न बुद्धिमापनाचे. त्यांत पाच आकृत्यांचे. गाईडात ते पान उघडलं आणि बाई घाबरली. आयुष्यात पहिल्यांदा.

गोरेगावला खताच्या दुकानावरच्या माडीवर प्रेमानंद सरांचा क्लास आहे. त्यामुळं तिथली पोरं अभ्यासात किती पुढं आहेत ते माहीत नाही, पण युरियाच्या वासावरून जीपमध्ये ओळखू येतात. सरांनी स्वतः अकरा परीक्षा दिल्या आणि एकही पास झाली नाही. ते हे लपवत नाहीत. "मला प्रत्येक खड्डा पायानं माहीत आहे," असं सांगतात आणि फी घेतात. रूपाबाईनं नाव घातलं आणि सकाळच्या जीपनं जाऊन पोलीस भरतीच्या पोरापोरींमध्ये पदर खोचून बसली.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर तीन आकृत्या काढल्या. काळा रंगवलेला गोल, खाली लिहिलं 'कप'. मोकळा गोल, खाली 'कम'. काळा चौकोन, खाली 'टप'. मग एक मोकळा चौकोन काढला आणि खाली प्रश्नचिन्ह.

"सांगा, याचा संकेत काय?"

पोरं एका सुरात ओरडली, "टम!"

रूपाबाईनं हात वर केला. "सर, गोलाला क काहून म्हणायचं? गोलाला ग पायजे."

"ताई, इथं तसं धरायचं असतं."

"कोणी धरलं?"

"पेपर काढणाऱ्यानं."

"त्याला कोणी इचारलं न्हाई का? आमी एकवीस साल झाले लेकरायला गोलाचा ग शिकवून राहिलो. चौकोनाचा च. आन तुमी चौकोनाला ट म्हणून राहिले. उद्या लेकरायनं इचारलं तर काय सांगू?"

"लेकरांना सांगायचं नाही, ताई. फक्त परीक्षेत लिहायचं."

"म्हंजे खोटं लिव्हायचं?"

सरांनी खडू खाली ठेवला. मग वर घेतला. समजावलं की पहिलं अक्षर आकाराचं, दुसरं रंगाचं. रूपाबाईनं मान हलवली, आणि पुढच्या आकृतीला पुन्हा तिथंच अडली. तिला राग यायचा तो त्या अक्षरांचा. ती अक्षरं तिला कोणाचीच वाटत नव्हती. शेवटी सरांनी आपली ठेवणीतली युक्ती दिली. "ताई, काहीच सुचलं नाही तर तिसरा पर्याय मारायचा."

"तुमी तसंच करत होते का?"

"हो."

"अकरा डाव?"

सरांनी फळा पुसायला घेतला.

घरी सासूबाई मंजुळाबाई. वय ऐंशीच्या पुढं, दात दोन, पण त्या दोहोंत बत्तीस दातांचा जोर. सून ओसरीवर गाईड उघडून बसली की त्या शेजारीच शेंगा फोडत बसायच्या.

"रूपे, नातवंडं खेळवायच्या वयात चौकोन मोजून राहिली का?"

"मोजत न्हाई आत्याबाई, वळखून राहिले."

"चौकोन वळखायला गोरेगावला जावं लागतं व्हय? आपल्या घराला चार कोपरे हायेत. झाडून घे, आपोआप वळख होईल."

पंधरा दिवस असे गेले. रूपाबाईनं ग्यानबाला सांगून टाकलं की फॉर्मची फी पाण्यात गेली असं समजा. आकृत्यांचे प्रश्न ती सोडून देणार होती, आणि ते सोडले तर चार जागांमध्ये येण्याची काही आशा नव्हती. हे तिलाही कळत होतं. तरी सवयीनं गाईड पिशवीत असायचं.

तेवढ्यात भंडारा आला. पंगती उठल्या, भांडी घासून पारावर ढीग झाला. रूपाबाई मांडी घालून बसली. पिशवी शेजारी ठेवली, त्यातून गाईड निसटलं आणि वाऱ्यानं नेमकं तेच पान उघडलं. शेजारी जळबा बसलेला. दरवर्षी तो बसतो, आपल्या खुणा नीट वाचल्या जातात का ते पाहायला. त्यानं गाईड उचललं, चांगल्या डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं.

"सूनबाई, हे कोणत्या गावची भांडी?"

"भांडी न्हाईत ती, मामा. परीक्षेचं हाय."

"मला नको शिकवू. चाळीस साल ठोकून राहिलो. ह्या खुणा हायेत." त्यानं बोट ठेवलं. "हे पाय, गोल घरात ह्या दोघी. दोघीच्या खुणेत पयलं अक्षर एकच. हा चौकोन, दुसरं घर, त्याचं पयलं अक्षर निराळं. आन हे दुसरं अक्षर काळ्याचं. काळ्या गोलाला बी तेच, काळ्या चौकोनाला बी तेच. म्हंजे थोरला. मोकळा म्हंजे धाकटा. ठोकणारा हुशार हाय. माझ्यासारखाच. एका खुणेत दोनच गोष्टी सांगायच्या. घर कोणतं, आन घरातलं कोण." मग जरा थांबून नाराजीनं म्हणाला, "पण बाईचं अक्षर न्हाई घातलं. ह्या गावात बायायची किंमत दिसत न्हाई."

रूपाबाईच्या हातात पाटलांची कढई होती. ती तशीच हातात राहिली. खाली बाया ताटकळत उभ्या आणि ही गाईडात पाहतेय.

"हे थोरल्याचं... हे धाकट्याचं... मंग हा मोकळा चौकोन म्हंजे चौकोनवाल्याचा धाकटा! टम!"

"टम तर टम," जळबा म्हणाला. "आता ती कढई दे. पाटलीण डोळे वटारून राहिली."

त्या वर्षी पहिल्यांदा रूपाबाईकडून दोन भांडी चुकली. एक आमच्या घरी आलं. आम्ही काही बोललो नाही. चांगलं जाड बुडाचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून क्लासची तऱ्हा बदलली. सर आकृत्या काढायचे आणि रूपाबाई पुढच्या बाकावरून सांगायची, "हे रेघावाल्याच्या घरचं, मधला भाऊ." पोरं आधी हसली. मग वहीत लिहून घ्यायला लागली. एकदा सरांनी गाईडातला प्रश्न घेतला. उभा त्रिकोण, आत रेघा, संकेत 'बल'. उलटा त्रिकोण, आत रेघा, 'सल'. उभा त्रिकोण, आत ठिपके, 'बन'. मग उलटा त्रिकोण, आत ठिपके, याचं काय?

"सन," रूपाबाई म्हणाली.

सरांनी गाईडाच्या मागं पाहिलं. "ताई, उत्तर 'बन' आहे."

"कसं व्हईल? बन तर वरच्या भांड्यावर हाय."

"छापलेलं आहे, ताई."

"छापलेलं असू द्या. एका घरची खूण दुसऱ्या घरच्या भांड्यावर ठोकली तर जळबामामाला गाव सोडावं लागंल. छापणारानं परात बदलली, सर."

सर तावातावानं फळ्यावर गेले, चारही आकृत्या मांडल्या, खोडल्या, पुन्हा मांडल्या. शेवटी फळ्याकडं तोंड ठेवूनच सर म्हणाले, "गाईडात दुरुस्ती करून घ्या. सन." आणि मग बरंच हळू, "तरी म्हटलं, मी सहाव्या परीक्षेत कुठं चुकलो."

सगळं ठीक चाललं असं वाटत असतानाच सरांनी घड्याळ लावून सराव परीक्षा घेतली. रूपाबाईचे आकृत्यांचे पाचच्या पाच बरोबर. लागलेला वेळ, चाळीस मिनिटं.

"ताई, एका प्रश्नाला मिनिटभर! चाळीस मिनिटं काय केलं तुम्ही?"

"सर, दुसऱ्या प्रश्नात काळ्या गोलाच्या घरचं काही बरं दिसत न्हाई. तीन भाऊ, आन धाकटा एकदम दुसऱ्या ओळीत नेऊन ठेवला. वाटण्या बराबर झाल्या नसतील. मंग म्या जरा..."

"जरा काय?"

"इचार करून राहिले व्हते, त्याच्या बायकोनं काय केलं असंल."

हा आमच्या वाडीचा दोष आहे, तिचा एकटीचा नाही. कोणाचं घर समोर आलं आणि नुसतं ओळखून पुढं गेलो, असं आमच्यातल्या कोणाला जमत नाही. मला विचारा. साठ वर्षं झाली, अजून नाही जमलं. पण परीक्षा एक महिन्यावर आली होती आणि या वेगानं तिचे तीस प्रश्न बघायचेच राहणार होते.

उपाय निघाला तो मंजुळाबाईंच्या हातून, ज्यांच्याकडून कोणालाच अपेक्षा नव्हती. एका दुपारी मी ग्यानबाकडे चुना मागायला गेलो. चुना माझ्याकडे होता, पण आत काय चाललंय ते पाहायचं होतं. तर ओसरीवर गाईड उघडं, सून पुढ्यात, आणि सासूच्या हातात आमटी वाढायचं वगराळं.

"म्या दहा म्हणेस्तोवर सांगायचं," मंजुळाबाई म्हणत होत्या. "नुसती खूण. घरचं काही बोलायचं न्हाई. बोलली की टाळक्यात वगराळं. चल. एक, दोन, तीन..."

"चौकोन, आडव्या रेघा. गद!"

"चार, पाच... हे पुढलं."

"चांदणी, ठिपके. रट. पण आत्याबाई, ही चांदणी..."

टण्ण! वगराळं बसलं. डोक्यावर नाही, शेजारच्या परातीवर, पण मी चुना विसरलो.

"चांदणीचं काही सांगू नको," मंजुळाबाई म्हणाल्या. "चांदणीवाल्याचं मला सगळं म्हाईत हाय. किसनसिंगाच्या आज्ज्यानं आपला बांध कोरला तवा म्या नवी नवरी व्हते. मूठभर न्हाई, हातभर कोरला! आन वरून म्हणतो कसा..."

"आत्याबाई, आता वगराळं कोणाला मारू?"

सासूबाईंनी वगराळं मांडीवर ठेवलं आणि तासभर बांधाची कथा सांगितली. मी खांबाला टेकून ऐकली. त्यात मला दोन गोष्टी नव्या कळल्या, त्या पुढं कधी. पण महिनाभर रोज दुपारी ते वगराळं वाजलं. हळूहळू चाळीस मिनिटांची दहा झाली, दहाची सहा. शेवटी शेवटी पारावर बसलेले आम्हीही आवाजावरून सांगायचो, आज बाई किती वेळा घसरली.

परीक्षा नांदेडला, संगणकावर. ग्यानबा बरोबर गेला. अंगणवाडीची सगळी माहिती मोबाईलवर भरून भरून तिचं बोट पडद्याला सरावलेलं, पण माउस नवा. पहिल्यांदा तिनं तो उचलून पडद्याला लावला म्हणे. शेजारच्या पोरीनं दाखवून दिलं. मग बाई सुटली ती सुटली. आहार झाला, लसीकरण झालं, मराठी झालं. आकृत्या आल्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. डोक्यात मंजुळाबाई मोजतायत, कोणाच्या घरात डोकवायचं नाही. वेळ बारा मिनिटं शिल्लक.

पाचवी आकृती. त्रिकोण, आत एक ठिपका, संकेत 'मक'. चौकोन, आत दोन ठिपके, 'गट'. चांदणी, आत तीन ठिपके, 'रल'. आणि प्रश्नात काय? त्रिकोण, आत दोन ठिपके.

आता तुम्ही सांगाल, त्रिकोणाचा म, दोन ठिपक्यांचा ट, मट. पारावरचं पोरही सांगेल. पण त्रिकोणात दोन ठिपके म्हणजे काय, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं आहे. ग्यानबाची भावकी, मधला भाऊ. ते तिच्या स्वतःच्या घरचं भांडं होतं. आणि वर पडद्यावर चांदणीच्या, किसनसिंगाच्या चांदणीच्या खाली कोणाचं अक्षर लिहिलेलं? र. रूपाबाईचा र.

परीक्षेहून परतल्यावर ती तीन दिवस कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मंजुळाबाईंनी तिच्यापुढं चहा ठेवला आणि विचारलं, "सगळे बराबर आले का?"

"एक चुकवला, आत्याबाई."

"येत नव्हता?"

"येत व्हता. मट व्हतं. कळत व्हतं मला मट हाय म्हणून." रूपाबाईनं कप हातात घेतला, पण प्याली नाही. "पण माझं अक्षर त्यायच्या चांदणीखाली बसवलेलं. आन खाली आपली परात, दोन ठिपक्याची, बिनअक्षराची. मला न्हाई पाहवलं. म्या रट वर बोट दाबलं. र आपल्या घरी आणला."

ग्यानबा कपाळाला हात लावून बसला होता. मग म्हातारीनं वगराळं उचललं. ग्यानबा घाबरला. पण तिनं ते फक्त खुंटीला अडकवलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "बांध कोरू दिला, तेवढं लई झालं. अक्षर कसं देणार?"

मग मात्र तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "एका चुकीनं जाईल का गं?"

गुण लागले ते भर उन्हाळ्यात. प्रेमानंद सरांनी मोबाईलवर यादी काढली आणि स्वतः जीप पकडून वाडीत आले. पहिल्या तिघी सरळ पुढं. चौथ्या जागेवर दोघी. दोघींना एकशे बेचाळीस. एक आमची रूपाबाई आणि दुसरी सेनगावकडची कोणी देवश्री, तेरा वर्षांनी लहान. एक प्रश्न दोन गुणांचा. रट च्या ऐवजी मट दाबलं असतं तर एकशे चव्वेचाळीस होऊन ती एकटीच उभी असती. एका परातीनं बाईला उंबऱ्यावर आणून ठेवलं होतं, ना आत ना बाहेर.

पारावर दोन मतं पडली. किसनसिंग म्हणाला, "तरणी पोरगी घेतील. फिरतीचं काम हाय, पाय पायजेत." त्याला बांधाचं माहीत होतं, पण र चं माहीत नव्हतं. मी म्हणालो, चिठ्ठी टाकतील. जळबा म्हणाला, "दोघीला बोलवा इथं. भांडी समोर ठेवा. जी लवकर वळखंल ती मॅडम." हे सगळ्यात न्यायाचं होतं, पण जळबाला कोण विचारणार.

सर मात्र जाहिरातीची पानं उलटत होते. सतरावं पान, अगदी बारीक अक्षरांत. त्यांनी बोट ठेवलं, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि एकदम उभे राहिले.

"समान गुण असल्यास वयाने ज्येष्ठ उमेदवारास प्राधान्य!"

मग ग्यानबानं विचारलं, "म्हंजे म्हातारी ती आत?"

"म्हातारी कोण?" ओसरीतून दोन आवाज एकदम आले, सासूचा आणि सुनेचा.

ज्या एक जूननं तिचा जीव इतके दिवस टांगला होता, त्याच एक जूननं तिला आत घेतलं. सर म्हणाले, त्यांच्या हाताखालून पास झालेला हा पहिला माणूस. जीपवाला हॉर्न वाजवत होता तरी ते चहाला थांबले.

आठवडाभरानं अंतिम यादी लागली. चौथं नाव तिचं. पुढं हुकूम आला, सिद्धेश्वरच्या बाजूच्या पंचवीस अंगणवाड्या तिच्या हाती. पहिल्या तपासणीला ग्यानबाच तिला गाडीवर घेऊन गेला, म्हणून मला हे सगळं कळलं. तिथली सेविका धावत आली, खुर्ची पुसली, चहा सांगितला, रजिस्टरांची चळत पुढं मांडली. रूपाबाईनं रजिस्टराला हात लावला नाही. ती सरळ स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली, खिचडीचं पातेलं उचललं आणि उलटं केलं. कोरं होतं.

"हे कोणाचं?"

"अंगणवाडीचंच हाय, मॅडम."

"मंग ह्याला घर काहून न्हाई?"

सेविकेला काही कळेना. रूपाबाई खुर्चीवर बसली, भेट-वही पुढं ओढली, पेन काढलं. एकवीस वर्षं जे टोचत होतं ते हाताशी आलं होतं. मग तिनं ठसठशीत अक्षरांत शेरा लिहिला:

'पातेल्यावर खूण नाही. ठोकून घ्यावी. आकार सेविकेने ठरवावा, चांदणी सोडून.'

जळबाला त्या महिन्यात पंचवीस अंगणवाड्यांचं काम मिळालं. त्यानं मोतीबिंदू काढून घेतला आणि नव्या डोळ्यानं पहिल्यांदा काय पाहिलं, तर आमच्या घरातलं ते जाड बुडाचं पातेलं. आम्ही ते दुसऱ्याच दिवशी परत केलं. गोल, दोन, स.